हँड गिअर अडकला म्हणून गिअरबॉक्स उघडू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या वाहनविषयक पानावर जुन्या हँड गिअरच्या, म्हणजे गिअरचा लिव्हर स्टिअरिंग व्हीलखालच्या कॉलमवर असलेल्या, गाड्यांबद्दल आलेला मजकूर वाचला. या गाड्यांची कोणी दखल घेतली याचे बरे वाटले, पण त्यातल्या एका सल्ल्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. ‘गिअर अडकू लागला किंवा सुटू लागला की गिअरबॉक्स उतरवून तपासून घ्यावा,’ असे त्यात म्हटले आहे. आम्ही वागळे इस्टेट परिसरात जुन्या पिकअप आणि मोटारींची कामे करतो. आमच्या मते हा क्रमच उलटा आहे. गिअरचा लिव्हर स्टिअरिंगच्या कॉलमवर असेल तर तपासणी लिव्हरच्या मुळापासून सुरू करायची, एकेक सांधा बघत खाली यायचे आणि गिअरबॉक्सला सगळ्यात शेवटी हात लावायचा. दोन बुश (सांध्यातली छोटी रिंग) आणि एका पिनेच्या कामासाठी गिअरबॉक्स जमिनीवर आलेला आम्ही पुष्कळदा पाहतो. एकदा तो उतरला की क्लच प्लेट, ऑइल सील, बेअरिंग असा खर्च वाढत जातो. गाडी जोडून झाल्यावर गिअर पुन्हा तिथेच अडकतो, कारण दोष आत नव्हताच.

ज्यांना ही रचना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९३८-३९च्या सुमारास गिअरचा लिव्हर जमिनीवरून उचलून स्टिअरिंगच्या कॉलमवर आणायची पद्धत पसरली. पुढच्या बाकावर तिघांना मोकळे बसता येते, हे त्यामागचे मोठे कारण. शेव्हरोलेच्या पिकअपना हा लिव्हर १९४८मध्ये आला आणि तिथल्या मोठ्या पिकअपमध्ये तो १९८७पर्यंत टिकला. आपल्याकडे शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८पासून होता. कुर्ल्याला प्रीमिअर ऑटोमोबाइल्सने १९४७पासून डॉज, फार्गो, प्लिमथ गाड्या जोडल्या. पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडर तर घरोघरी माहीत आहेत. आज ठाणे आणि नवी मुंबईत उरलेल्या जुन्या पिकअप बहुतेक शौकिनांनी सांभाळलेल्या आहेत. त्यांच्यापाशी गाडीचे पुस्तक क्वचितच असते, पार्ट सहज मिळत नाहीत आणि हँड गिअरवर हात बसलेले मेकॅनिक दिवसेंदिवस कमी होत आहेत. म्हणून पत्र लांबले तरी सविस्तर लिहीत आहोत.

तीन पुढचे गिअर आणि एक रिव्हर्स असलेल्या पिकअपचा कॉलम घेऊ. लिव्हर वरच्या बाजूला एका पिनेवर झुलतो. त्याला जोडलेली पोकळ नळी कॉलममधून खाली जाते आणि केबिन व इंजिन यांच्यामधला पत्रा ओलांडून इंजिनच्या बाजूला निघते. तिथे नळीवर एक खुंटी असते आणि एकाखाली एक असे दोन आर्म बसवलेले असतात. एक आर्म फर्स्ट आणि रिव्हर्सचा, दुसरा सेकंड आणि थर्डचा. प्रत्येकाला खुंटीपुरती खाच असते. लिव्हर आपल्याकडे ओढला की खुंटी फर्स्ट-रिव्हर्सच्या खाचेत बसते, डॅशबोर्डकडे ढकलला की सेकंड-थर्डच्या खाचेत. मग लिव्हर वर किंवा खाली केला की तेवढाच आर्म फिरतो, त्याचा रॉड सरकतो आणि गिअरबॉक्सच्या कुशीतला आर्म फिरून गिअर पडतो. मूळ डाव्या स्टिअरिंगच्या अमेरिकन पिकअपमध्ये आपल्याकडे ओढून वर रिव्हर्स आणि खाली फर्स्ट, पुढे ढकलून वर सेकंड आणि खाली थर्ड असतो. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत दिशा त्या गाडीप्रमाणे पाहून घ्यावी. अशा गाडीत गिअरबॉक्सच्या पलीकडच्या कुशीपर्यंत पोचण्यासाठी लिंकेजला, म्हणजे या आर्म-रॉडच्या साखळीला, बहुधा आडवे जावे लागते, त्यामुळे सांधे वाढतात आणि झिजायच्या जागाही वाढतात.

आता गिअर अडकतो कसा, ते पाहा. खुंटी एका खाचेतून दुसऱ्या खाचेत फक्त एकाच क्षणी जाऊ शकते, दोन्ही आर्म न्यूट्रलला येऊन दोन्ही खाचा समोरासमोर आल्या की. फर्स्टच्या रॉडचा बुश झिजला असेल तर ड्रायव्हर लिव्हर न्यूट्रलला आणतो, पण तो आर्म दोन-तीन मिलिमीटर मागेच राहतो. खुंटी सेकंडच्या खाचेत शिरायला जाते आणि काठावर आपटते. इथे जोर केला की ती अर्धी एका खाचेत आणि अर्धी दुसऱ्या खाचेत घुसते. गिअरबॉक्सच्या आत दोन गिअर एकाच वेळी पडू नयेत म्हणून इंटरलॉक असतो, तो आपले काम चोख करतो आणि सगळेच जाम होते. म्हणूनच ही तक्रार जवळपास नेहमी ‘फर्स्टमधून सेकंडला जाताना’ अशी येते. माजिवडा, कापूरबावडी किंवा शिळफाट्याच्या रांगेत चालणाऱ्या गाडीत फर्स्ट-सेकंड ही एकच हालचाल सतत होते. साहजिकच तेवढेच बुश, तेवढ्याच खाचा आधी जातात.

लिव्हर हातात किती ढिला वाटतो यावरून झीज मोजू नये. समजा लिव्हर २८ सेंटिमीटरचा आणि खालचा आर्म ७ सेंटिमीटरचा आहे. म्हणजे खाली ३ मिलिमीटर प्ले (ढिलेपणा) असला तर वर मुठीपाशी तो १२ मिलिमीटर जाणवेल. ड्रायव्हर म्हणतो लिव्हर पार खिळखिळा झालाय, आणि प्रत्यक्षात एकच बुश गेलेला असतो. उलटही घडते. वरची पिन नवी, लिव्हर घट्ट, म्हणून कॉलम ठीक समजला जातो आणि खाली दोन्ही खाचांचे काठ गोल झालेले असतात.

तपासणीआधी गाडी सपाट जागेवर उभी करा, चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावा, हँडब्रेक ओढा, इंजिन बंद करा. गाडीखाली जायचे असेल तर नुसत्या जॅकवर भरवसा ठेवू नका, खाली घोडे (लोखंडी स्टँड) लावा.

पहिला प्रश्न क्लचचा. इंजिन बंद असताना क्लच दाबून सगळे गिअर टाकून पाहा. बंद इंजिनवर गिअर अलगद पडत असतील आणि इंजिन चालू केल्यावर खरखरत असतील, तर लिंकेज बाजूला ठेवा आणि क्लच बघा. खात्री करायची तर इंजिन आयडलिंगला ठेवून क्लच पूर्ण दाबा, आठ-दहा सेकंद थांबा आणि मग रिव्हर्स टाका. तरीही खरखरला तर क्लच पूर्ण सुटत नाही. पेडलचा फ्री प्ले, म्हणजे सुरुवातीची रिकामी हालचाल, साधारण २० ते २५ मिलिमीटर असावा. हायड्रॉलिक क्लच असेल तर मास्टर आणि स्लेव्ह सिलिंडरची गळती पाहावी. मात्र बंद इंजिनवरही गिअर अडखळत असेल, तर दोष लिव्हर ते गिअरबॉक्स याच वाटेवर आहे.

त्यानंतरची तपासणी दोन माणसांची. एकाने केबिनमध्ये बसून लिव्हर अगदी सावकाश हलवायचा, दुसऱ्याने बॉनेट उघडून कॉलमच्या खालच्या टोकाकडे बघायचे. लिव्हर हलू लागला पण नळी हलली नाही, तर वरची पिन. नळी फिरली पण आर्म उशिरा हलला, तर खुंटी आणि खाच. आर्म हलला पण रॉड उशिरा हलला, तर मधला बुश. रॉड हलला पण गिअरबॉक्सचा आर्म जागचा हलला नाही, तर खालचा बुश, किंवा तो आर्म शाफ्टवर ढिला झालाय. नुसते बघण्यावर राहू नका. प्रत्येक सांध्यावर अंगठा आणि तर्जनी अशी ठेवा की एक बोट रॉडवर आणि दुसरे आर्मवर राहील. ढिल्या सांध्यात दोघांमधली टकटक बोटांना लगेच कळते, डोळ्यांना ती अनेकदा दिसत नाही. लिव्हर हलवताना सगळा कॉलमच हलत असेल, तर आधी डॅशबोर्डखालचा कॉलमचा ब्रॅकेट आणि पायापाशी पत्र्यावर असलेला क्लॅम्प आवळून घ्या. त्याशिवाय बाकीचे कुठलेही माप खरे येणार नाही.

सगळ्यात निर्णायक तपासणी मात्र पुढची आहे, आणि गिअरबॉक्स उतरवायला निघालेल्यांनी ती एकदा तरी करावी अशी आमची कळकळीची विनंती आहे. गिअरबॉक्सच्या कुशीतले दोन्ही रॉड सोडवा. एक स्प्लिट पिन, एक वॉशर, एवढेच काम असते. मग दोन्ही आर्म एकेक करून हाताने पुढे-मागे करा. प्रत्येक आर्मला तीन जागा असतात: पुढे, मध्ये, मागे. तिन्ही ठिकाणी खटका स्पष्ट लागला पाहिजे. एक आर्म हलवताना दुसरा नेमका मध्ये, म्हणजे न्यूट्रलला हवा, नाहीतर इंटरलॉक तो हलू देणार नाही आणि उगाच गैरसमज होईल. आर्म गिअरमध्ये अडखळला तर मागचे चाक किंवा त्याकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट थोडा फिरवून पुन्हा पाहा, कारण दात दातावर येऊनही तो थांबतो. तिन्ही खटके दोन्ही आर्मना नीट लागले तर गिअर निवडण्याचे आतले काम शाबूत आहे. गिअरबॉक्स खोलण्याचे कारण उरले नाही. खटका लागतच नसेल किंवा आर्मचा शाफ्टच भोकात वर-खाली डुलत असेल, तरच आतल्या कामाचा विचार करावा.

रॉड सुटलेलेच आहेत तर वरचा लिव्हरही रिकामा फिरवून बघा. तो कुठेही न अडकता, हलका फिरला पाहिजे. जड असेल तर खालचे बेअरिंग कोरडे पडले आहे, नळी वाकली आहे किंवा ब्रॅकेट आवळताना कॉलम पिळला गेला आहे. ब्रॅकेटचे बोल्ट थोडे ढिले केल्यावर लिव्हर हलका झाला तर पिळच आहे असे समजा. कॉलम सरळ बसवून पुन्हा आवळा.

आता दुरुस्ती. वरची पिन काढली की तिच्यावर नख फिरवून पाहा. झिजलेल्या पिनेवर मध्यभागी पायरी लागते, आणि लिव्हरचे भोक अंडाकृती झालेले असते. नुसती नवी पिन घातली तर ती त्या अंडाकृती भोकात पूर्वीसारखीच खेळत राहील. भोक रीमरने गोल करून एक माप मोठी पिन घालावी, किंवा भोक मोठे करून आत पातळ बुश ठोकावा. आम्ही दुसरे पसंत करतो, कारण पुढच्या वेळी फक्त बुश बदलतो, लिव्हरचे लोखंड खात जावे लागत नाही. पिनेपाशी स्प्रिंग असेल तर तीही बदला. बहुतेक गाड्यांत ती लिव्हरला सेकंड-थर्डच्या बाजूला दाबून धरते. ती मोडली की लिव्हर आपल्या वजनाने भलत्या बाजूला लोंबतो, आणि ड्रायव्हरला वाटते गिअरचे गेट बिघडले.

स्टिअरिंग व्हील काढावे लागले तर आधी बॅटरी सोडवा, नट काढा आणि पुलर लावा. शाफ्टच्या टोकावर हातोडी मारू नका. १९६७ नंतरच्या अमेरिकन गाड्यांचा कॉलम अपघातात आत दबला जावा म्हणून मुद्दाम ठिसूळ जोडांवर बनवलेला असतो. हातोडीच्या दोन ठोक्यांनी ते जोड तुटतात आणि मग कॉलमच बदलावा लागतो. त्याच पिढीतल्या, व्हील वर-खाली करता येणाऱ्या जनरल मोटर्सच्या कॉलममध्ये आत चार स्क्रू असतात. ते ढिले झाले की व्हीलसकट सगळे डुलते आणि लिव्हरवर संशय जातो. ते स्क्रू काढून, साफ करून, थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा गोंद) लावून बसवावेत.

खालच्या खाचा आणि खुंटी यांचे काम सगळ्यात नाजूक. काठ थोडेच गोल झाले असतील तर बारीक कानशीने सरळ करता येतात, पण त्याने खाच रुंद होते हे विसरू नका. जास्त झिजले असतील तर वेल्डिंगने भरून कानशीने मूळ आकारात आणावे. भरण्याआधी आर्म कॉलमवरून उतरवा. जागेवर वेल्डिंग केले तर नायलॉनचा बुश आणि बेअरिंग जळून जाते, आणि अर्थिंग चुकीच्या जागी लागले तर स्टिअरिंगच्या बेअरिंगचे गोळेही खराब होतात. खुंटी खाचेत हाताने सरकली पाहिजे आणि तरी तिला बाजूचा प्ले जाणवता कामा नये. घासून पुन्हा लावून बघायचे, पुन्हा घासायचे. हे काम घाईत होत नाही आणि मजुरी ठरवताना गाडीमालकाने ते समजून घ्यावे.

आर्म परत बसवल्यावर त्यांच्यातला उभा प्ले फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पात्यांनी) मोजा. शेव्हरोलेच्या कॉलमसाठी तो ०.००५ इंच, म्हणजे सुमारे ०.१३ मिलिमीटर, असतो. खालच्या बेअरिंगची रिंग फिरवून तो जुळवतात. जास्त ठेवला तर नळी खाली सरकून खुंटी दोन्ही खाचांच्या मध्ये येते, कमी ठेवला तर लिव्हर जड होतो. हे एक माप बसवल्यावर अर्ध्याअधिक तक्रारी बंद होतात, असा आमचा अनुभव आहे. तरी ते पाहणारे फार थोडे.

रॉडचे बुश. जुना बुश काढल्यावर त्याच्या एका बाजूला चंद्रकोरीसारखी झीज दिसते, दुसरी बाजू जवळजवळ कोरी असते आणि मध्ये धूळ मिसळून डांबरासारखे घट्ट झालेले ग्रीस. ही झीज कुठल्या बाजूला आहे ते पाहून ठेवा, रॉड वाकडा ओढला जातोय का हे त्यावरून समजते. मूळ बुश रबराचा असेल तर रबराचाच मिळवायचा प्रयत्न करा. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या गाड्यांचे सामान चाळताना मापाचा बुश दुसऱ्याच गाडीचा मिळतो, तो चालतो, फक्त पिनेचे आणि भोकाचे माप व्हर्निअरने घेऊन जा. मिळालाच नाही तर वागळे इस्टेट किंवा रबाळ्याच्या लेथवाल्याकडून कापून घ्यावा. इथे बरेच जण गनमेटल (ब्राँझसारखा मिश्रधातू) सांगतात. गनमेटल टिकतो, पण ग्रीस सुकले की पिन खातो, आणि इंजिनची थरथर जशीच्या तशी लिव्हरपर्यंत नेतो. नायलॉन हलका आणि शांत, पण तो पाणी शोषून फुगतो. मे महिन्यात ठाण्यात बरोबर बसलेला नायलॉनचा बुश जुलैत लिव्हर जड करतो, आणि मालक पुन्हा गिअरबॉक्सकडे बघू लागतो. डेलरिन या कडक प्लास्टिकचा दांडा मिळाला तर तो घ्यावा, तो पाणी फार कमी शोषतो. नायलॉनच वापरायचा असेल तर पिनेभोवती ०.१५ ते ०.२ मिलिमीटर मोकळीक ठेवायला सांगा. रबराच्या बुशला इंजिन ऑइल किंवा साधे ग्रीस लावू नका, रबर फुगून फाटते. तिथे सिलिकॉन ग्रीस. धातू आणि नायलॉनला नेहमीचे लिथिअम ग्रीस पुरेसे आहे.

झीज काढल्यावरच अ‍ॅडजस्टमेंट करायची. ढिल्या बुशांवर रॉडची लांबी कमी-जास्त करून तात्पुरता गिअर पडतो, पण मग दुसरा गिअर अर्धवट पडतो आणि चढावर सुटतो. पद्धत सोपी आहे. गिअरबॉक्सचे दोन्ही आर्म मधल्या खटक्यावर आणा. गाडी हाताने ढकलून किंवा प्रॉपेलर शाफ्ट फिरवून न्यूट्रलची खात्री करा. कॉलमच्या खालच्या दोन्ही आर्मना बहुतेक गाड्यांत एकेक भोक असते. दोन्ही भोके समोरासमोर आणून त्यांतून ५ ते ६ मिलिमीटरची गेज पिन घाला. गेज नसेल तर त्या मापाच्या ड्रिल बिटची गुळगुळीत बाजू चालते. रॉडच्या स्विव्हेलचे (टोकाच्या फिरत्या जोडाचे) चेकनट दोन्ही बाजूंनी ढिले करा, रॉडला जिथे बसायचे तिथे आपोआप बसू द्या आणि तसाच आवळा. रॉड ओढून भोकात बसवावा लागला तर लांबी चुकली आहे. शेवटी पिन काढण्याआधी दोन्ही आर्मवरून जाणारी एक सरळ रेघ पांढऱ्या ऑइलपेंटने मारून ठेवा. न्यूट्रलला ती रेघ सलग दिसते, एक आर्म जरी सरकला तरी तुटलेली दिसते. पुढे कोणालाही, गाडीमालकालाही, बॉनेट उघडताच दोष कुठे ते कळेल.

इतके करूनही चढावर किंवा दणका बसला की गिअर सुटत असेल, तर पिकअपमध्ये एक खास गोष्ट पाहावी लागते, आणि नेमकी तीच विसरली जाते. पिकअपची केबिन चेसिसवर रबरी माउंटिंगवर बसते. कॉलम केबिनला बांधलेला, गिअरबॉक्स इंजिनसोबत चेसिसवर. दोघांना जोडणारे हेच रॉड. केबिनचे एका बाजूचे रबर बसले तर कॉलम काही मिलिमीटर खाली येतो आणि सगळी अ‍ॅडजस्टमेंट बिघडते. इंजिनचे माउंटिंग फाटले असेल तर गायमुखच्या चढावर जोर येताच इंजिन एका अंगाला उचलले जाते, रॉड ओढला जातो आणि सेकंड सुटतो. सपाट रस्त्यावर तीच गाडी अगदी ठीक चालते, म्हणून मेकॅनिकला दोष सापडत नाही. तपासायला इंजिन बंद ठेवून माउंटिंगपाशी टॉमी (लोखंडी पहार) घाला आणि उचकून पाहा. रबर आणि लोखंड यांच्यात फट उघडली तर माउंटिंग बदला. गिअरबॉक्सखालच्या क्रॉस मेंबरचे माउंटिंगही असेच पाहा. केबिनच्या रबरांची उंची चारही कोपऱ्यांना पट्टीने मोजा. माउंटिंग बदलल्यावर रॉड पुन्हा अ‍ॅडजस्ट करावेच लागतात.

पद्मिनी आणि अ‍ॅम्बेसेडरमध्ये चार गिअर असल्याने रचना वेगळी आहे. तिथे साधारणपणे एक जोड गिअरची ओळ निवडतो आणि दुसरा गिअर टाकतो. म्हणून तिथे तक्रारीवरूनच अर्धे निदान होते. भलताच गिअर पडत असेल तर निवडणारा जोड, योग्य गिअर अर्धवट पडत असेल तर टाकणारा. बाकी बुश, पिन, माउंटिंग यांचे सगळे वरच्याप्रमाणेच.

ऑटोमॅटिक गिअरची एखादी जुनी आयात पिकअप असेल तर काळजी अधिक घ्यावी लागते. तिथे झिजलेल्या बुशमुळे गिअर अडकत नाही. लिव्हर ‘पार्क’वर दिसतो आणि आत गिअरबॉक्सचा अडकणारा दात बसलेलाच नसतो. गाडी उतारावर निघून जाऊ शकते. अशा गाडीत अ‍ॅडजस्टमेंट गिअरबॉक्सच्या टोकापासून करावी. तिथला आर्म आधी पार्कच्या खटक्यावर बसवायचा, लिव्हर पार्कवर ठेवायचा आणि मग रॉड जोडायचा. डॅशबोर्डवरच्या काट्यावर विसंबून नव्हे. इंजिन फक्त पार्क आणि न्यूट्रलवर सुरू होते ना, हेही दरवेळी तपासा. दुरुस्ती होईपर्यंत हँडब्रेक आणि चाकाला ठोकळा, दोन्ही हवेत.

काही गॅरेजवाले या सगळ्याला कंटाळून जमिनीला भोक पाडून फ्लोअर गिअर बसवून देतात. आम्ही त्याच्या विरोधात आहोत. बुश आणि पिनांनी जे काम होते त्यासाठी गाडीची मूळ रचना कायमची जाते. शिवाय २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या, खासगी गाडीची विंटेज म्हणून नोंदणी करायची असेल तर ती मूळ स्वरूपात असावी लागते आणि चेसिस, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार चालत नाही. ही नोंदणी १० वर्षांची असते. जमिनीचा पत्रा कापलेली गाडी घेऊन तिथे उभे राहायची वेळ मालकाने स्वतःवर का आणावी?

रस्त्यात गिअर जाम झालाच तर काय करायचे, हे प्रत्येक मालकाला माहीत असावे. मुंब्रा बायपाससारख्या ठिकाणी टोइंगची वाट बघत बसणे धोक्याचे आहे. जमेल तितके कडेला घेऊन इंजिन बंद करा, हँडब्रेक ओढा, चाकाला दगड लावा, मागे त्रिकोण ठेवा. गाडी गिअरमध्ये अडकलेली असू शकते, म्हणून चावी खिशात ठेवा. कोणीतरी क्लच दाबून धरावा. बॉनेट उघडून कॉलमच्या तळाचे दोन आर्म शोधा. जो रेघेवरून हललेला दिसेल तो हाताने किंवा पेचकसाच्या दांड्याने न्यूट्रलकडे ढकला. खाचा समोरासमोर आल्या की टक असा आवाज येतो आणि वरचा लिव्हर मोकळा होतो. जवळच तापलेला मॅनिफोल्ड असतो, हात जपा. लिव्हरवर वरून जोर मात्र कधीही करू नका. पिन तुटते किंवा नळीच पिळते. मोकळा झाल्यावर गॅरेजपर्यंत गाडी सेकंडमध्येच सावकाश न्यावी, म्हणजे वाटेत फर्स्ट-सेकंडची अदलाबदल करावी लागत नाही. सपाटीला क्लच हळू सोडून जुनी पिकअप सेकंडवर निघते.

खाडीलगतच्या आपल्या हवेत कॉलमचे खालचे बेअरिंग गंजते. पुढच्या चाकाने उडवलेले पाणी थेट तिथेच येते. मे संपायच्या आत ते बेअरिंग आणि दोन्ही खाचा रॉकेलने धुऊन, पुसून, कोरड्या करून ग्रीस भरावे. पत्र्यातून कॉलम जिथे बाहेर येतो तिथला रबरी सील फाटला असेल तर तोही बदलावा. पाण्यातून गाडी न्यावी लागली तर दुसऱ्याच दिवशी हे सगळे पुन्हा करावे. वरून ग्रीसचा थर चोपडू नये. त्याला चिकटलेली वाळू पावसाळाभर खाचा घासत राहते.

आपले,
जुन्या गाड्यांची कामे करणारे काही फिटर,
वागळे इस्टेट, ठाणे